संग्राहकाच्या कागदपत्रांबाबत सूचना

सदस्यहो, मुद्राचित्रांच्या (ठशांवरून कागदावर छापलेल्या चित्रांच्या) खोक्यांसोबत आलेली पत्रे, पावत्या आणि नागरी समित्यांची टिपणे विषयवार लावायला घेऊ नका. मूळ क्रम मोडला की कोणते चित्र कुणाकडून आले, याचा माग सुटतो. चित्रे आणि कागद वेगळे पडू शकतात: अमेरिकन मुद्राचित्र-संग्राहक लेसिंग रोझेनवाल्ड यांनी १९४३ मध्ये आपली चित्रे वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीला दिली. त्यांची कागदपत्रे मात्र लायब्ररी ऑफ काँग्रेस या ग्रंथालयात आहेत. तेव्हा चित्राचा नोंद-क्रमांक पत्राच्या फोल्डरवर हवाच, तोही पेन्सिलने. गंजलेली टाचणी ओढू नका, कागद फाटतो. चिकटपट्टी तर मुळीच नको (हे तिसऱ्यांदा सांगतोय!). पावतीमागे खरडलेली किंमतही नोंदवा. समित्यांची टिपणे कंटाळवाणी वाटतील, तरी एकही कागद टाकू नका.