सूज उतरवणारी गोळी आणि भरत आलेली जखम

सदाशिव पेठ, पुणे

प्रिय विनायक,
सप्रेम नमस्कार.

ड्रेसिंग बदलताना पायाच्या जखमेचा तळ लालभडक आणि दाणेदार दिसतो, चिकटलेले गॉज काढले की टचकन रक्त येते, असे तू लिहिले आहेस. पू आणि दुर्गंधी नसेल, तर हे बहुधा चांगलेच लक्षण आहे. ते दाणे म्हणजे नव्याने फुटलेल्या केशवाहिन्यांची जाळी असते आणि त्यांच्या भिंती अजून कोवळ्या असल्याने त्या जराशा ओढीनेही फुटतात.

मला काळजी आहे ती तू मेडिकलमधून आणून आठवडेच्या आठवडे घेत असलेल्या डायक्लोफेनॅक या सूज-ठणका उतरवणाऱ्या गोळीची. ॲस्पिरिनसारखी औषधे प्रोस्टाग्लँडिन (सूज आणि ठणका वाढवणारी शरीरातली रसायने) तयारच होऊ देत नाहीत, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवले आणि त्या कामासाठी १९८२ चे नोबेल त्यांना इतर दोघांसह मिळाले. तुझी गोळीही ती रसायने बनवणारे कॉक्स हे एन्झाइम अडवून तेच करते. त्यामुळे सूज आणि ठणका उतरतो. गोम अशी की हीच प्रोस्टाग्लँडिन्स पेशींना व्हीईजीएफ नावाचे प्रथिन बनवायला लावतात आणि त्या प्रथिनाच्या सांगाव्यावरच जुन्या रक्तवाहिन्यांना नवे फाटे फुटतात. १९९९ मध्ये नेचर मेडिसिनमध्ये आलेल्या एका अभ्यासात इंडोमेथॅसिन या तुझ्या गोळीच्याच जातीच्या औषधाने, तसेच फक्त कॉक्स-२ (कॉक्सचा सुजेच्या वेळी वाढणारा प्रकार) अडवणाऱ्या औषधानेही, रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशींवर थेट परिणाम करून ही वाढ रोखल्याचे दिसले. पोटाला सौम्य म्हणून गाजलेल्या या कॉक्स-२ गोळ्याही आधीच झालेला पोटातला अल्सर भरून येण्याच्या आड येऊ शकतात, असा त्याचा अर्थ. (गाठीला रक्तपुरवठा मिळू नये म्हणून धडपडणाऱ्या कर्करोग संशोधकांना मात्र हाच दोष गुण वाटला.)

अर्थात यातला बराच पुरावा प्रयोगशाळेतला आणि प्राण्यांवरचा आहे. शस्त्रक्रियेनंतर दोन-चार दिवस गोळी घेतल्याने धडधाकट माणसाची जखम सहसा अडून राहत नाही. पण तुला मधुमेह आहे, पायाचा रक्तपुरवठा आधीच बेताचा असू शकतो आणि अशी गोळी मूत्रपिंडांनाही जड जाते. पॅरासिटामॉल ठणका कमी करते, सुजेच्या जागी मात्र तिचा प्रभाव अगदी क्षीण असतो. ती तुला चालेल का, हे डॉक्टरांना विचार. हृदयासाठीची लहान ॲस्पिरिन मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नकोस. पुढच्या ड्रेसिंगला जाशील तेव्हा गोळ्यांची पट्टी सोबत ने आणि केव्हापासून, दिवसाला किती घेतोस, ते न लपवता सांग.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
श्रीधर