आईच्या ओट्यावरची सावली घालवणाऱ्या वायरमनकाकांना

वायरमनकाका,

सप्रेम नमस्कार.

नाव लिहू नका असं तुम्ही बजावलंत, म्हणून लिहीत नाही. पत्र मात्र सगळ्यांना वाचता येईल असंच लिहिते आहे. तुमचे आभार चार लोकांसमोर मानावेत असं मला मनापासून वाटतं. शिवाय आत्ता कुणाच्या तरी घरी ओट्यावर उजेड करायचं चाललं असेल, तर तुमच्याकडून मला जे कळलं ते त्यांनाही कळावं.

काम तसं लहानच होतं. आमच्या नाशिकच्या घरात ओट्यावरच्या कपाटांखाली दिवे बसवायचे होते, मोजून सात फूट एलईडीची पट्टी. पण त्या सात फुटांनी माझ्या आईला तिचा ओटा परत मिळाला.

तुम्ही आलात त्याच्या आधीचं तुम्हाला पूर्ण सांगितलंच नव्हतं. आई एकोणऐंशीची आहे. गेल्या वर्षी तिच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दूरचं लख्ख दिसू लागलं, पण ओट्याशी उभी राहिली की म्हणायची, "इथे मला हात दिसत नाही गं." आम्हाला ते कळायचंच नाही. स्वयंपाकघरात ट्यूब होती की! मग एकदा कोथिंबीर चिरताना सुरी बोटाला लागली. पुढच्याच आठवड्यात आमटीत खडा राहिला आणि तो नेमका माझ्या लेकाच्या दाताखाली आला. त्या रात्री आईने विळी आणि निवडायचं ताट उचलून माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "आता तूच बघ." पन्नास वर्षं जिने घरातला दाणा न् दाणा निवडला, ती दुसऱ्या दिवसापासून डायनिंगच्या खुर्चीवर नुसती बसून राहायला लागली. मला ते बघवत नव्हतं.

म्हणून मी घाईघाईने ऑनलाइन एक पट्टीचा संच मागवला. झगझगीत पांढरी पट्टी, पाठीला चिकटपट्टी, सोबत अ‍ॅडॉप्टर. ओळखीच्या एका मुलाने येऊन अर्ध्या तासात ती कपाटांखाली मागच्या भिंतीलगत चिकटवून दिली. टाइल्स अशा उजळल्या की शेजारच्या काकू बघायला आल्या. आई मात्र डोळे बारीक करून म्हणाली, "सगळं निळंनिळं दिसतंय, आणि ओट्यात चांदण्या चमकतायत." आमचा ओटा काळ्या ग्रॅनाइटचा, पॉलिश केलेला. पट्टीचा एकेक दाणा त्यात आरशासारखा उमटत होता. पंधरा दिवसांत फोडणीच्या वाफेने चिकटपट्टी सुटली आणि पट्टीचं एक टोक गॅसच्या बाजूला लोंबू लागलं. तेव्हा तुम्हाला फोन केला.

तुम्ही आलात आणि नवीन काय लावायचं याची चौकशी करण्याआधी पाण्याच्या फिल्टरमागे हात घातलात. तिथे त्या अ‍ॅडॉप्टरची वायर नुसती पिळून, वर काळी टेप गुंडाळून जोडलेली होती, आणि नळाचं पाणी त्यावर उडत होतं. तुम्ही मेन बंद केलात, टेस्टर लावून खात्री केलीत आणि ते सगळं काढून पिशवीत भरलंत. मला एका शब्दाने बोलला नाहीत. मी मात्र ती वायर बघून गार पडले. आई त्याच फिल्टरचं पाणी दिवसातून दहा वेळा घेते.

मग तुम्ही जे केलंत ते मी आजवर कुठल्या कारागिराला करताना पाहिलं नाही. आईला म्हणालात, "आजी, तुम्ही नेहमी चिरता तिथे उभ्या राहा. आणि खरंच चिरा, नाटक नको." आईने कोथिंबिरीची जुडी घेतली. तुम्ही तिच्या मागे उभं राहून मला दाखवलंत: ट्यूब आईच्या पाठीमागच्या भिंतीवर, आणि आईची स्वतःची सावली पाटावर, बरोबर बोटांवर. "ताई, घरात उजेड कमी नाहीये. आजी उजेडाच्या आड येतायत." तीस वर्षं त्या स्वयंपाकघरात वावरून मला हे दिसलं नव्हतं.

खिशातला रुमाल मोबाइलच्या टॉर्चवर दुमडून तुम्ही तो कपाटाखाली धरलात. आधी मागे, टाइल्सला लागून. भिंत उजळली, पाटाचा आईकडचा भाग काळाच राहिला. मग मधोमध. सुरीची सावली डाव्या हाताच्या बोटांवर पडली. मग अगदी पुढे, दाराच्या फळीमागे, किंचित भिंतीकडे कलता. आई चिरता चिरता थांबली आणि म्हणाली, "थांबा. तिथेच धरा." तुम्ही हात वर करून तसेच उभे राहिलात आणि आईने सगळी जुडी बारीक चिरून काढली, किती महिन्यांनी! तुमच्या हाताला कळ लागली असणार. मग कानावरची पेन्सिल काढून तुम्ही कपाटाखाली रेघ मारलीत.

त्यामागचा हिशोबही सांगितलात, तो इथे लिहिते. ओटा दोन फूट खोल, वरचं कपाट एक फूट. म्हणजे कपाटाची पुढची कड ओट्याच्या बरोबर मध्यावर येते आणि आपण चिरतो ते ओट्याच्या पुढच्या अर्ध्यात. दिवा मागे लावला तर भिंत सुंदर दिसते आणि हात अंधारात राहतो. पुढे लावला तर तो आपलं डोकं आणि पाट यांच्या मधे येतो, मग आपली सावली पाटावर पडायचा प्रश्नच नाही.

त्यानंतर तुम्ही डायनिंगपाशी जाऊन आईच्या खुर्चीवर बसलात. मला वाटलं दमलात. तुम्ही तिथून कपाटाखाली बघत होतात. "इथून दिवा थेट आजींच्या डोळ्यांत जाईल. पुढे दोन इंचाची पट्टी मारून घ्या, त्याच सनमायकाची." सुताराने दुसऱ्या दिवशी ती मारली. माझ्या आईच्या खुर्चीवर बसून बघावं हे तुम्हाला सुचलं, त्याबद्दल मी काय बोलू?

दुकानात येताना घरून एक टोमॅटो आणि मूठभर तूरडाळ आणा म्हणालात, तेव्हा माझ्या नवऱ्याला गंमत वाटली होती. काउंटरवर तुम्ही तीन पट्ट्या जोडायला लावल्यात आणि एकेकीखाली टोमॅटो धरलात. पहिलीखाली तो मातकट दिसला, शिळा वाटावा असा. तिसरीखाली तो लालबुंद झाला, आणि डाळीतला करडा खडा मला चष्म्याशिवाय दिसला. टोमॅटो तोच, उजेडही तेवढाच. तुम्ही समजावलंत की एलईडीचा मूळ प्रकाश निळा असतो, त्यावरच्या पिवळ्या लेपामुळे तो पांढरा भासतो आणि स्वस्त मालात लाल रंगच तोकडा पडतो. म्हणून खोक्यावर सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा, ९० किंवा जास्त बघायचा. आणि तेवढ्यावरही थांबायचं नाही, कारण तो आकडा आठ फिक्या रंगांची सरासरी असते. गडद लालचा आकडा वेगळा असतो, त्याला आर९ म्हणतात, तो विचारायचा. दुकानदाराला आत जाऊन कागद शोधावा लागला. तुम्ही शांतपणे उभे होतात.

रंगाचंही तसंच. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर. घरात सगळीकडे ६५०० केल्विनची पांढरी ट्यूब. ऑपरेशनमध्ये आईच्या डोळ्यातलं वयाने पिवळं पडलेलं भिंग निघालं, त्यामुळे तिला आधीच सगळं निळसर दिसत होतं, आणि मी त्यात आणखी निळा उजेड आणून ठेवला होता! २७०० केल्विन हॉटेलात छान वाटतो, पण हळद आणि डाळ त्यात सगळीच पिवळी होते, असं म्हणून तुम्ही ४००० केल्विन निवडलात. आणि जुनी ट्यूबही त्याच रंगाची बदलायला लावलीत, नाहीतर एकाच ओट्यावर दोन रंगांचा उजेड पडला असता. हे मला स्वतःहून कधीच सुचलं नसतं.

पट्टी सीओबीची घेतली, तिच्यात दाणे सुटे दिसत नाहीत, सलग रेघ दिसते. वर दुधी झाकणाचा अ‍ॅल्युमिनियमचा चॅनेल. आईच्या चांदण्या गेल्या. चॅनेल मला शोभेची वस्तू वाटत होता, पण एलईडीला उष्णता बाहेर टाकायला धातू लागतो, प्लायवर नुसती चिकटवलेली पट्टी आतून तापून लवकर मंदावते. चिकटपट्टीवर तुम्ही विश्वास ठेवलाच नाहीत. स्पिरिटने तेलाचा थर पुसलात, क्लिपा स्क्रूने बसवल्यात, तेही अर्ध्या इंचाचे, कपाटाचं प्लाय १८ मिलिमीटरचं आहे म्हणून. आतल्या डब्यांना टोक लागायला नको.

चिमणीमुळे ओट्याचे दोन भाग झालेत, सिंककडे चार फूट आणि दुसरीकडे तीन. गॅसच्या वर काही लावायचं नाही, चिमणीला तिचा दिवा आहे, हे तुम्ही एका वाक्यात संपवलंत. वायर चिमणीला वळसा घालून जाणार म्हणून १२ ऐवजी २४ व्होल्टची पट्टी घेतलीत: वॅट तेवढेच, पण करंट निम्मा, त्यामुळे लांबच्या टोकाला उजेड मंद पडत नाही. एक मीटर पट्टीला १० वॅट धरले तर दोन्ही भाग मिळून, म्हणजे सात फुटांना, साधारण २१ वॅट, त्याला ३६ वॅटचा ड्रायव्हर, म्हणजे पट्टीला लागेल तशी वीज पुरवणारा डबा. मी म्हटलं, २४ वॅटचा स्वस्त आहे. तुम्ही म्हणालात, "बैलाला रोज पूर्ण ओझं लादलं तर तो किती वर्षं चालेल, ताई?" ड्रायव्हर कपाटाच्या डोक्यावर उघड्या हवेत ठेवलात, गॅसपासून लांब आणि हात पोचेल असा. विजेचा खर्च मी मांडून पाहिला. दिवसाला सहा तास धरले तरी महिन्याला साधारण चार युनिट.

हात हलवला की लागणारा सेन्सर मला फार आवडला होता. तुम्ही आईला विचारलंत, "आजी, तुम्हाला काय हवं?" ती म्हणाली, "बटण." तो विषय तिथेच संपला. ते बटण सिंकपासून दूर, दाराजवळ, आईच्या खांद्याच्या उंचीला बसलं. आणि जाता जाता मेन बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी, म्हणजे वीज कुठे गळली की लगेच तोडणारा स्विच, बसवून तुम्ही त्याचं टेस्टचं बटण माझ्याकडून दाबून घेतलंत. खट् करून सगळं घर बंद झालं. "हे महिन्यातून एकदा स्वतः करायचं," म्हणालात. मी करते. पहिल्या तारखेला, न चुकता.

मजुरी ठरली होती तेवढीच घेतलीत. त्या बाराशे रुपयांत आईच्या खुर्चीवर बसून बघणं कसं बसतं, मला सांगता येत नाही. आयटीआयमध्ये दोन वर्षं वायरमनचा ट्रेड केला एवढंच तुम्ही स्वतःबद्दल बोललात, तेही आईने खोदून विचारलं म्हणून. त्या दोन वर्षांत वायर कशी जोडायची ते शिकवलं असेल. समोरचं माणूस ओट्याशी कसं उभं राहतं ते बघायचं, हे तुमचं तुम्ही शिकला आहात, आणि मला त्याचं फार मोल वाटतं.

आता घरची बातमी सांगते. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मला जाग आली ती सुरीच्या आवाजाने. आई दिवा लावून मेथी निवडून मोकळी झाली होती आणि कांदा चिरत होती. मला बघून म्हणाली, "झोप की अजून, मी आहे." गेल्या रविवारी तिने अळूवड्या केल्या, पानांच्या शिरा स्वतः काढून. तांदूळ, डाळ सगळं ती पुन्हा स्वतः निवडते. मी निवडलेल्या डाळीतून परवा तिने दोन खडे काढून माझ्यासमोर ठेवले. मला इतका आनंद झाला की मी ते अजून जपून ठेवलेत.

आणि एक. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला तुम्ही पेन्सिलीने लिहून ठेवलंत ना, "२४ व्होल्ट, ३६ वॅट, ४०००", खाली तारीख, पुढच्या वायरमनला शोधावं लागू नये म्हणून? काल कामाच्या मावशी ती कपाटं आतून पुसायला घेत होत्या. आईने हातातलं लाटणं ठेवलं, उठून गेली आणि म्हणाली, "ते दार राहू दे. तेवढं मी पुसेन, अक्षरं सोडून."

तुमची,
ओटेवाल्या आजींची लेक
नाशिक