सोनाली, फॉर्म याच वर्षी भर

अमळनेर,
रविवार

चि. सोनालीस अनेक आशीर्वाद.

कपाशीची दुसरी वेचणी चालू आहे, मजूर मिळत नाहीत, म्हणून काल फोनवर धड बोललो नाही. तू म्हणालीस, "पप्पा, स्कॉलरशिपचं पुढच्या वर्षी बघू, आता सबमिशन आहेत." माय, माजी सैनिकांच्या मुलांसाठीच्या पंतप्रधान शिष्यवृत्तीचा नवा अर्ज पहिल्या वर्षालाच घेतात. बारावीला ६० टक्के लागतात, तुला ७१ आहेत. मुलांना महिना २,५०० आणि मुलींना ३,००० रुपये. पोरीला जास्त, हे आजीला खरंच वाटेना.

आता माझा घोळ ऐक. तू झालीस तेव्हा मी फौजेत, काश्मीरात कुपवाड्याला होतो. फोनवर आजी म्हणाली, सोनी नाव ठेवलं. मी क्लार्कला तेच सांगितलं, तशीच पार्ट टू ऑर्डर, म्हणजे घरच्या माणसांची फौजेतली नोंद, निघाली आणि निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या डिस्चार्ज बुकात तू अजून सोनीच आहेस. शाळेत मात्र सोनाली. सतरा वर्षांत रायफलचा नंबर कधी चुकला नाही, पोरीचं नाव चुकलं! जन्मदाखला, तुझं दहावीचं सर्टिफिकेट आणि प्रतिज्ञापत्र घेऊन मंगळवारी जळगावला सैनिक कल्याण कार्यालयात जातोय. तिथून कागद फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसला जातील. तू कॉलेजातून बोनाफाईड काढ, आणि बँकेचं खातं तुझ्या एकटीच्या नावाचं, आधार जोडलेलं असू दे.

धाकट्याचं शिक्षण अनुदान वेगळं आहे. हवालदारापर्यंतच्या पेन्शनरला मिळतं ते, त्याचं मी बघतो.

परवा तुझा चुलतभाऊ विचारत होता, मलाही भरता येईल का. काका फौजेतून सहा वर्षांतच स्वतःहून नाव काढून घरी आले, पेन्शन नाही. त्यांना माजी सैनिक धरत नाहीत. त्याला हे सांगताना माझी जीभ जड झाली. वर्दी तर दोघांनी घातली होती. तू त्याच्यापुढे या पैशांचा विषय काढू नकोस.

दरवर्षी निदान ५० टक्के लागतात, नाहीतर शिष्यवृत्ती बंद होते. तेवढे तू पाडशील म्हणा.

आजी रोज विचारते, "पोर जेवनी का?" मागच्या खेपेचा डबा परत आण, भरताची वांगी आलीत.

तुझे,
पप्पा