मायबाप सरकार आणि सासूबाईंचा अंगठा

संपादक महोदय, स.न.वि.वि.

कालच्या अंकातला स्वातंत्र्यावरचा लेख दोनदा वाचला, पहिल्यांदा वाटलं आपल्यालाच कळला नाही. तत्त्वज्ञ इसाया बर्लिन यांनी 1958 साली ऑक्सफर्डच्या व्याख्यानात स्वातंत्र्याचे दोन प्रकार सांगितले, एक कोणी आडवं न येण्याचं आणि दुसरं आपलं आपण ठरवण्याचं, हे लेखकांनी छान समजावलंय, त्याबद्दल खरंच आभार. पण पुढे जी गाडी घसरली ती आपल्या लोकांना अजून मायबाप सरकार लागतं, सरकार बाजूला झालं की माणूस मोकळा, इथे जाऊन थांबली. तिथे माझं डोकं फिरलं.

लेखकसाहेबांनी एकदा आमच्या सासूबाईंना घेऊन बँकेत जावं. वय 86, सासरे रेल्वेत होते, त्यांची फॅमिली पेन्शन. दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, ऐंशीच्या वरच्यांना 1 ऑक्टोबरपासून देता येतो म्हणून नोव्हेंबरची गर्दी नको असं म्हणून आम्ही बडोद्यातल्या दांडिया बाजारातून रिक्षा करून लवकरच गेलो. मशीनवर अंगठा ठेवला, नाही. दुसरं बोट, नाही. जन्मभर भांडी घासून आणि धुणी बडवून रेघा उरल्यात कुठे? काउंटरवरचा मुलगा बिचारा गोड बोलत होता, "बा, मशीन अंगूठो नथी लेतुं, काले आवजो," म्हणजे मशीन अंगठा घेत नाही, उद्या या. काले गेलो. परत तेच. सासूबाई रिक्षात बसताना म्हणाल्या, मेल्यावर तरी एवढे हेलपाटे घालावे लागत नसतील!

आता गंमत ऐका. 1906 साली सयाजीराव महाराजांनी सगळ्या बडोदा संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, त्याआधी 1893 पासून अमरेलीकडे करून बघितलं होतं. मुलाला शाळेत धाडलं नाही तर दंड. सासूबाईंच्या आजोबांनी आधी दंड भरला, आठ दिवस सरकारला शिव्या घातल्या आणि मग मुलीला शाळेत घातलं, असं घरात अजून हसत सांगतात. ती मुलगी म्हणजे सासूबाईंची आई. तिने सासूबाईंना मांडीवर बसवून पाटीवर सही शिकवली, घरात अंगठाछाप कोणी राहायचं नाही म्हणून. सरकारने दंड लावून ज्या घराला अंगठ्यावरून सहीवर आणलं, त्याच घरातल्या बाईला आजचं सरकार म्हणतं सही राहू दे, अंगठा दाखवा. आणि तो अंगठाही त्यांना पटत नाही! यातलं कुठलं स्वातंत्र्य बर्लिनसाहेबांच्या कुठल्या खान्यात बसतं ते लेखकांनीच सांगावं. आजोबांच्या तर नक्कीच कोणीतरी आडवं आलं होतं.

आणि सरकार बाजूला झालं की मोकळे म्हणता, तर 1917 साली डॉ. आंबेडकर बडोद्यात आले तेव्हा संस्थानाची नोकरी हातात होती, कोलंबियात शिकायला पैसेही याच संस्थानाने दिलेले. तरी शहरात राहायला जागा मिळेना, पारशी सराईतून लोक काठ्या घेऊन आले आणि त्यांना बाहेर काढलं. ते काय सरकारने काढलं? त्यानंतर ते ज्या कमाटीबागेत जाऊन बसले, तिथे रोज फिरायला जाणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही, पण असो, तो वेगळा विषय आहे, त्यावर कधी लेख छापा.

तिसऱ्या खेपेला मॅनेजर स्वतः बाहेर आले, सासूबाईंकडे बघून त्यांनाच लाजल्यासारखं झालं असावं. ड्रॉवरमधून कागदाचा फॉर्म काढला, सासूबाईंनी झोकदार सही केली, मॅनेजरांनी शिक्का मारला, दोन मिनिटं. फॉर्म पहिल्या दिवशीही त्याच ड्रॉवरमध्ये होता ना? मग मशीनने नकार दिल्यावर त्या मुलाने तो काढायचा नाही का, तर त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. 2017 साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क म्हणून सांगितलं तेव्हा आम्हीही टाळ्या वाजवल्या, पण आमच्या घरची तक्रार सरकार फार ओळखतं ही नाहीच, समोर बसलेली बाई ओळखत नाही ही आहे. आम्हाला सरकार बाजूला व्हायला नकोय हो, ड्रॉवर उघडायला हवंय.

जाता जाता, तुमच्या ई-पेपरमध्ये रविवारच्या शब्दकोड्याची उजवी बाजू सलग तीन आठवडे कापलेली येतेय. दोन मेल केले, उत्तर नाही. सासूबाई अजून चष्मा लावून कोडं सोडवतात, उभे शब्द त्यांना लागतात, आडवे अर्धेच दिसतात.

आपली,
एक जुनी वाचक, दांडिया बाजार, बडोदा