साडेतीन सेंटिमीटर उंचीवरून

कोथरूड, पुणे
२ ऑगस्ट

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेली तुझ्या छोट्या मॉडेल गाड्यांची सहाही छायाचित्रे मी आणि तुझ्या बाबांनी संगणकाच्या पडद्यावर मोठी करून सावकाश पाहिली. गाड्या स्वच्छ आहेत, रंगही बरे उतरले आहेत, आणि तरीही प्रत्येक चित्रात गाडी खेळण्यासारखीच दिसते, असे लिहून तू त्याचे कारण विचारले आहेस. तू माळ्यावर ठेवून गेलेल्या ३२ गाड्यांची नोंद करावी एवढ्याच हेतूने मी आठ महिन्यांपूर्वी बाबांचा जुना डिजिटल कॅमेरा हाती घेतला, तेव्हा माझ्यापुढेही हाच प्रश्न होता. त्याचे उत्तर मला शेवटी मी वर्गात आयुष्यभर शिकवलेल्या गणितातच सापडले, म्हणून ते तुला सविस्तर लिहिते.

गाडीवर १:४३ असे लिहिलेले असते, याचा अर्थ खऱ्या गाडीचे प्रत्येक माप ४३ ने भागलेले आहे. (हा चमत्कारिक आकडा इंग्लंडमधल्या खेळण्यातल्या आगगाड्यांकडून आला, तिथे खऱ्या एका फुटाला सात मिलिमीटर असे प्रमाण धरत, आणि ३०४.८ भागिले ७ म्हणजे साडेत्रेचाळीस.) कारखान्याने गाडीचा भागाकार केला, पण आपण छायाचित्र काढताना आपल्या डोळ्याचा भागाकार करायला विसरतो. रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाचा डोळा जमिनीपासून साधारण दीड मीटर उंचीवर असतो, आणि त्याला ४३ ने भागले की साडेतीन सेंटिमीटर येतात. तू टेबलापाशी बसून गाडीकडे वरून पाहत छायाचित्र काढलेस, तेव्हा तुझा कॅमेरा गाडीच्या सुमारे ३० सेंटिमीटर वर होता. गाडीच्या जगात ती जवळजवळ १३ मीटरांची उंची झाली, म्हणजे चौथ्या मजल्याच्या गॅलरीतून खाली पाहावे तसे ते दृश्य आहे. खरी गाडी आपण तशी क्वचितच पाहतो, म्हणून मन लगेच ओळखते की हे लहानसे काहीतरी आहे.

यात व्यवहारातली एक अडचण आहे, आणि ती सोडवायला मला पंधरा दिवस लागले. कॅमेरा टेबलावर टेकवून ठेवला तरी त्याच्या लेन्सचा मध्य टेबलापासून साडेतीन सेंटिमीटरांपेक्षा वरच राहतो, त्यामुळे कॅमेरा खाली नेण्यापेक्षा गाडी वर उचलणे सोपे. तुझ्या बाबांनी मला दोन फूट लांबीची एक फळी रंधून दिली आहे. ती मी टेबलाच्या कडेपाशी दोन पाटांवर ठेवते, गाडी फळीच्या पुढच्या कडेजवळ मांडते आणि कॅमेरा टेबलाबाहेर ट्रायपॉडवर हवा तेवढा खाली घेते. १:१८ च्या गाड्यांसाठी हीच उंची सव्वाआठ सेंटिमीटर येते. पट्टी लावून मोजत जा, अंदाजावर सोडू नकोस, कारण दोन सेंटिमीटरांची चूक म्हणजे गाडीच्या जगात जवळजवळ एका मीटरची चूक आहे.

अंतराचेही तसेच आहे. मोबाइल गाडीपासून सात सेंटिमीटरांवर आणून तू जे छायाचित्र काढलेस, त्यात तू गाडीच्या मापाने तीन मीटरांवर उभा होतास, आणि इतक्या जवळून पाहिले की बॉनेट फुगलेले आणि डिकी आक्रसलेली दिसणारच. मागे सर. अर्धा मीटर मागे जाऊन लेन्स पूर्ण झूमवर घेतलीस की गाडीचे नाक आणि शेपूट यांचे प्रमाण आपोआप जागेवर येते.

मागे सरण्याचा दुसरा लाभ पहिल्यापेक्षा मोठा आहे. खऱ्या गाडीचे छायाचित्र आपण आठ-दहा मीटरांवरून काढतो, तेव्हा पुढच्या दिव्यापासून मागच्या बंपरपर्यंत सगळी गाडी स्पष्ट येते. लहान गाडी जवळून टिपताना मात्र जेमतेम एक चाक स्पष्ट येते आणि बाकीचे विरघळते. हा धूसरपणाच मनाला वस्तूचा लहानपणा सांगतो, इतका की खऱ्या शहराचे उंचावरून घेतलेले छायाचित्र वरच्या आणि खालच्या बाजूने धूसर केले तर ते शहरही खेळण्यातले वाटते. मी पट्टी तिरकी ठेवून मोजून पाहिले: आपल्या कॅमेऱ्यात माळ्यावरची नऊ सेंटिमीटरांची १:४३ ची फियाट चौकटभर घेतली, तर लेन्सचे छिद्र एफ/११ एवढे बारीक करूनसुद्धा स्पष्टतेची पट्टी सव्वा-दीड सेंटिमीटरच मिळते. म्हणून मी गाडी चौकटीच्या अर्ध्या रुंदीत मावेल इतकी मागे जाते, छायाचित्र काढते आणि नंतर संगणकावर कडा कापून टाकते. आपला कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा आहे, त्यातले अर्ध्या रुंदीचे आणि अर्ध्या उंचीचे चित्र ठेवले तरी सहा मेगापिक्सेल उरतात, आणि तेवढ्यात दहा इंच रुंदीची छपाई उत्तम होते.

ॲपर्चर, म्हणजे लेन्सचे छिद्र, एफ/११ किंवा फार तर एफ/१६ ठेव; आकडा जितका मोठा तितके छिद्र बारीक. एफ/२२ वर गेलास तर स्पष्टतेची पट्टी वाढलेली दिसेल, पण इतक्या बारीक छिद्रातून जाताना प्रकाशाचे विवर्तन होते, म्हणजे तो पसरतो, आणि सगळेच चित्र थोडे मऊ पडते. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता, १०० ठेवून शटर लागेल तेवढा वेळ, अगदी एक-दोन सेकंदही, उघडे राहू दे. गाडी कुठे पळून जाणार नाही, आणि कॅमेरा ट्रायपॉडवर आहे. बटण बोटाने दाबल्याने येणारे कंपन टाळण्यासाठी दोन सेकंदांचा टायमर लाव. फोकस कॅमेऱ्यावर सोडू नकोस; पडद्यावर चित्र मोठे करून जवळच्या हेडलाइटच्या किंचित मागे हाताने जुळव. पांढरी गाडी करडी येते अशी तुझी तक्रार आहे, त्याचे कारण एवढेच की कॅमेरा समोरचे सगळे मध्यम करड्या छटेचे आहे असे धरून चालतो. पांढऱ्या गाडीला एक्स्पोजर, म्हणजे चित्राला मिळणारा उजेड, एक पायरी वाढव आणि काळीला एक पायरी उतरव.

आता प्रकाश, ज्याच्यात मी सर्वांत अधिक रमले आहे. गाडीचा रंग हा रंग कमी आणि आरसा जास्त असतो. स्वयंपाकघरातल्या ट्यूबलाइटखाली काढलेल्या माझ्या पहिल्या चित्रांत छतावर एक पांढरी रेघ होती, दारात खिडकीचे गज होते आणि मागच्या बंपरच्या क्रोममध्ये माझ्या साडीचा काठ स्पष्ट ओळखू येत होता. तेव्हापासून मी गडद कपडे घालूनच छायाचित्रे काढते. प्रकाशाचा उगम लहान असेल तर गाडीवर ठिपका दिसतो आणि मोठा असेल तर बॉनेटच्या वळणावरून वाहत जाणारा उजेड दिसतो, ज्यातून पत्र्याचा आकार कळतो. मी टेबल-लॅम्पच्या खाली, गाडीच्या वर वीतभर उंचीवर, लाकडी चौकटीला ताणून बटर पेपर लावते, आणि अंधाऱ्या बाजूला थर्माकोलचा तुकडा उभा करते. चंदेरी गाडी पांढऱ्या पार्श्वभूमीत हरवते तेव्हा चौकटीबाहेर दोन्ही बाजूंना काळी कार्डशीट उभी केली की तिच्या कडांवर बारीक काळी रेघ उमटते आणि गाडी उठून दिसते. दिवा फार जवळ मात्र ठेवू नकोस. १:१८ च्या गाडीच्या बॉनेटपासून २० आणि डिकीपासून ३० सेंटिमीटरांवर दिवा असेल तर, उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो या नियमाने, बॉनेटवर सव्वादोन पट उजेड पडतो, आणि खऱ्या रस्त्यावर असा फरक कधी दिसत नाही. खिडकीचा उजेड आणि दिवा एकत्र वापरलेस तर एक बाजू निळी आणि दुसरी पिवळी येईल, व रंगांची झाक जुळवणारा कॅमेऱ्यातला कोणताही व्हाइट बॅलन्स ते दुरुस्त करू शकणार नाही. दोहोंतला एकच निवड.

या सगळ्या भागाकारातून एकच गोष्ट सुटते, आणि ती म्हणजे सूर्य. सूर्य आकाशात साधारण अर्ध्या अंशाएवढा दिसतो, खऱ्या गाडीवरून पाहा की लहान गाडीवरून. त्यामुळे सावलीच्या कडेचा मऊपणा गाडीच्या मापातच लहान होतो, आणि उन्हात ठेवलेल्या १:४३ च्या गाडीची सावली प्रमाणात अगदी खऱ्या गाडीच्या सावलीसारखी असते. हे मला गच्चीवर उमगले, तेव्हा मी किती वेळ तिथेच उभी राहून त्या एवढ्याशा सावलीकडे पाहत होते. सध्या दुपारी सूर्य पुण्यात जवळजवळ डोक्यावर येतो आणि सावली गाडीखालीच दडून चाके काळी पडतात, म्हणून सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर गच्चीवर जावे. आणि श्रावणातले ढगाळ आकाश तर काही न बांधता मिळणारा मोठा बटर पेपरच आहे.

अमेरिकेत मायकेल पॉल स्मिथ नावाचे एक गृहस्थ होते. ते २०१८ साली वारले. १:२४ च्या गाड्या उघड्यावर मांडून, मागे दूरची खरी झाडे आणि इमारती येतील असा कोन साधून, त्यांनी साध्या डिजिटल कॅमेऱ्याने एल्गिन पार्क नावाचे एक काल्पनिक गाव उभे केले. त्यांची चित्रे पाहून मी फळी गच्चीच्या कठड्यावर ठेवली, म्हणजे खालचा रस्ता झाकला जातो आणि फळीच्या पलीकडे थेट वेताळ टेकडी येते. क्षितिज नेहमी डोळ्याच्याच उंचीवर असते, त्यामुळे कॅमेरा साडेतीन सेंटिमीटरांवर असला की टेकडीचा पायथा फियाटच्या छताच्या जरासा खाली येतो, जसा तो खऱ्या रस्त्यावरून आला असता. ज्या टेकडीवर एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेत खऱ्या गाड्यांच्या चाचण्या होतात, तीच मागे यावी, याचे मला फार अप्रूप वाटले.

रस्ता मी पॉलिश पेपरचा केला आहे. डांबरातली दहा मिलिमीटरची खडी ४३ ने भागली की पाव मिलिमीटरच्या आतबाहेर येते आणि ६० किंवा ८० नंबरच्या पॉलिश पेपरचा दाणा साधारण तेवढाच असतो. बोहरी आळीतल्या दुकानदाराने ताव समोर पसरून मला हाताने चाचपून पाहू दिले. १:१८ साठी ३६ किंवा ४० नंबर घे. घरातल्या चित्रांसाठी अप्पा बळवंत चौकातून करड्या कार्डशीटचा मोठा ताव आणून तो भिंतीवरून टेबलावर वळवून सोडला की मागे कोपऱ्याची रेघ येत नाही.

धुळीविषयी मात्र कठोर राहा. पाव मिलिमीटरहून बारीक असा धुळीचा कण १:४३ च्या गाडीवर हरभऱ्याएवढा होतो, आणि डोक्याचा एक केस पडला तर बॉनेटवर सुतळी टाकल्यासारखी दिसते. रबरी ब्लोअरने हवा मार, मग मऊ कुंचला फिरव, आणि गाडी सुती हातमोजे घालूनच उचल. द्रव काहीही वापरू नकोस. मी तुझ्या निळ्या बीटलवरचा बोटाचा ठसा काढण्यासाठी स्पिरिट लावले आणि मागच्या नंबर प्लेटवरचे छापलेले आकडे पुसले गेले. तू ती गाडी दहावीच्या बक्षिसाच्या पैशांतून घेतली होतीस, हे मला माहीत आहे, आणि त्याबद्दल मला मनापासून वाईट वाटते.

सोबत फियाटचे टेकडीसमोरचे छायाचित्र पाठवत आहे. आपल्या पद्मिनी गाडीचा तो चिमुकला पूर्वज पाहून तुझे बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, पुढची चाके थोडी वळवता आली असती तर बरे झाले असते. त्या मॉडेलची चाके वळत नाहीत. तुझ्याकडच्या १:१८ च्या मिनीची वळतात, म्हणून गणपतीला येशील तेव्हा ती घेऊन ये, पण सामानाच्या बॅगेत टाकू नकोस. आरसे काढून वेगळ्या डबीत ठेव आणि खोका हातातच धर. ४० नंबरच्या पॉलिश पेपरचे चार ताव मी तोवर आणून ठेवते, आणि बाबा फळीला आणखी एक फूट जोडणार आहेत.

तुझी,
आई