ताण विद्यार्थ्यांचा, उपायही त्यांनीच शोधायचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नर्सिंग कॉलेजांत ताणतणावाचा विषय निघाला की एखादे व्याख्यान होते, दीर्घ श्वसन शिकवले जाते आणि विषय तिथेच मिटतो. आयुष्यभर नर्सिंग शिकवल्यावर मला हे अपुरे वाटते, म्हणून हे पत्र.

सरावाच्या पुतळ्यावर हात बसवलेली १८-१९ वर्षांची मुलगी वॉर्डात येते तेव्हा समोर कण्हणारा माणूस असतो. तिच्या हाताकडे रुग्ण, नातेवाईक, सिस्टर, ट्यूटर सगळे बघत असतात. कॉलेजात शिकवलेली पद्धत एक, वॉर्डातली दुसरी, आणि बोलणी दोन्हीकडून तिलाच. ड्युटी सुटली की केअर प्लॅन, केस स्टडी, अभ्यास. अशातच सकाळी जिचे अंग पुसून दिले ती आजी दुपारी जाते. मुलगी पडदे ओढते, सिस्टरना मदत करते आणि शेजारच्या खाटेवर ताप मोजायला जाते. तिला कोणी काही विचारत नाही. मुलग्यांना तर डोळे भरून आलेलेही लपवावे लागतात.

'आम्हीही असेच शिकलो,' असे ज्येष्ठ सांगतात. पण त्या शिकण्यात किती जणी गळाल्या? मनोविश्लेषक इझाबेल मेंझीज यांनी लंडनच्या एका रुग्णालयाचा केलेला अभ्यास १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे जवळपास एक तृतीयांश विद्यार्थिनी शिक्षण पुरे करत नव्हत्या. रुग्णाला नावाऐवजी खाटेच्या क्रमांकाने किंवा आजाराने ओळखायचे, कामाचे तुकडे पाडायचे, विद्यार्थिनींना सारखे वॉर्ड बदलायला लावायचे, अशा रीतींनी तिथली चिंता फक्त झाकली जाई, कमी होत नसे. आजही हे वाचताना आपलाच वॉर्ड आठवतो.

लॅझारस आणि फोकमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये ताणाला तोंड देण्याचे दोन मार्ग मांडले: ताणाचे कारण दूर करणे आणि स्वतःचे मन सावरणे. विद्यार्थ्यांच्या हाती ड्युटीचा तक्ता नसतो, ट्यूटरांची संख्या नसते, वॉर्डातली वागणूकही नसते. म्हणून आपण त्यांना फक्त दुसरा मार्ग शिकवतो. पहिला आपल्या हातात आहे, त्याचे काय?

ड्युटी सुटण्याआधी ट्यूटरने मुलांना १५ मिनिटे एकत्र बसवावे आणि आज काय जड गेले ते विचारावे. त्या बोलण्याला गुण नसावेत. मृत्यू पाहिलेल्या विद्यार्थ्याजवळ त्याच दिवशी कोणीतरी बसलेच पाहिजे. चूक दाखवायची तर रुग्णाच्या खाटेपासून बाजूला नेऊन. नाइट ड्युटीनंतर सकाळी वर्ग नको, आणि कर्मचारी कमी आहेत म्हणून शिकणाऱ्यांना त्यांच्या जागी उभे करणे तर मुळीच नको. झोप उडाली, वॉर्डात जायच्या विचाराने पोटात गोळा येऊ लागला, तर मुलांनी वेळीच बोलावे असे आपण सांगतो; पण कॉलेजची समुपदेशक हीच अंतर्गत गुण देणारी शिक्षिका असेल, तर कोणती मुलगी तिच्याकडे जाऊन रडेल? निदान ही दोन कामे तरी प्राचार्यांनी याच सत्रात वेगळ्या व्यक्तींकडे सोपवावीत.

आपली,
एक निवृत्त नर्सिंग शिक्षिका