परसातल्या आंब्यासंबंधी, बंडूस

प्रिय बंडू,

रागावला असशील तर आधी मनसोक्त रागावून घे आणि मग पुढचं वाच. तुझ्या पत्रांना उत्तर द्यायचं राहिलं ते राहिलंच. आईची साखर आटोक्यात, माझा खांदा अधूनमधून कुरकुरतो, बाकी ठीक. आता मुद्द्याचं. परसातला आंबा वाळतोय.

फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू मध्येच बोलतोस, आणि यात एक गोष्ट अशी आहे की ती ऐकल्यावर तू मला पुढचं वाक्य पुरं करू दिलं नसतंस. ती खाली येईल. आत्ताच डोळे पुढे पळवू नकोस.

पालवी जेमतेम आली, पानं आखूड. मग शेंड्याच्या काड्या वाळल्या आणि वाळण वरून खाली सरकायला लागली. घरात प्रत्येकाने आपापला रोग ठरवून टाकलाय. दादाच्या मते भिरूड, म्हणजे खोड पोखरणारी अळी. सुमीच्या मते बांडगूळ. अप्पा म्हणतात, झाडाचं वय झालं. स्वतःच्या गुडघ्यांबद्दलही ते हेच म्हणतात. आणि मधू, जो तुला कधीच आवडला नाही, तो बोर्डो मिश्रणाची बादली घेऊन दारात उभा. त्याला म्हटलं, अरे, बोर्डोची कथा तरी माहीत आहे का? फ्रान्समधले द्राक्षवाले रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना फासायचे, चोरांनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून. मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाला दिसलं की त्याच वेलींवर केवडा हा पानांचा रोग पडत नाही. त्याने ते 1885 मध्ये छापलं आणि जगाला बुरशीनाशक मिळालं. पण ते बुरशीवरचं औषध आहे. झाड कशाने वाळतंय हे कळायच्या आधी फवारून काय करायचं? मधू बादली ठेवून गेला. अजून तिथेच आहे.

म्हणून आधी बघत सुटलो. काडीची साल नखाने खरवडायची. खाली हिरवं, ओलसर लागलं तर जिवंत, तपकिरी कोरडं लागलं तर गेली. शेंडे गेलेत, पण मोठ्या फांद्या अजून हिरव्या आहेत. भिरडाचं भोक सापडलं, एकच, जुनं. ताजा भुसा पडत असता तर अळी आत आहे म्हणता आलं असतं. तार घालून पाहिलं, काही लागलं नाही. दादाचं तोंड पडलं. बांडगूळ आहे, पण एका फांदीवर, आणि तेही त्या फांदीच्या तुकड्यासकट कापायला लागतं, नुसतं ओरबाडलं तर पुन्हा फुटतं. एकच फांदी वाळत असती तर कारण त्या फांदीत शोधलं असतं. इथे चारी बाजूंचे शेंडे एकदम मागे हटतायत. असं होतं तेव्हा दुखणं बहुधा खाली असतं, आणि आम्ही सगळे माना वर करून पानं बघत बसलो होतो.

बुंध्याशी बसलो तेव्हा लक्षात आलं. खोड जमिनीत सरळ घुसलंय, खांब पुरावा तसं. आठवतात का ती बुडाशी पसरलेली फुगीर मुळं? त्यातल्या मोठ्याला तू सिंहासन म्हणायचास आणि मला कायम खालच्यावर बसवायचास. सिंहासन गायब! पाणी साचतं म्हणून दादाने ठेकेदाराकडून मागचं अंगण भरून घेतलं, वर फरशा बसवल्या. दादा म्हणाला, भर कसली, चार बोटं माती. ठेकेदार म्हणाला, तेवढीही नाही.

आता ती गोष्ट. तू ठोकलेला खिळा.

नानांच्या टेपने मोजून, जमिनीपासून बरोबर चार फुटांवर. झाड वाढेल तसा खिळा वर जाईल आणि आपण दहावीत जाऊ तेव्हा हात पोचणार नाही, असं तू छातीठोक सांगितलं होतंस. मी म्हटलं, खोड मधून ताणत नाही, झाड शेंड्याला वाढतं आणि घेराला वाढतं. मग ती पैज, मग ती मारामारी, मग काकूंनी दोघांनाही दिलेला प्रसाद. खिळा सालीने गिळलाय, बाहेर फक्त बेंबीसारखी खोबण राहिलीय. टेप लावला. तीन फूट भरला, वर एक दोरा.

थांब. तुझं ओरडणं इथवर ऐकू येतंय. 'म्हणजे हलला ना!' नाही हलला, गाढवा. जमीन वर आली. तुझ्या चुकीच्या पैजेने झाडाचा रोग सांगितला, फूटभर भर! त्या खिळ्यापुढे दादा आणि ठेकेदार दोघेही गप्प झाले. (एकदा तुझ्या हट्टाचा उपयोग झाला, हे मी लेखी देतोय. जपून ठेव.)

अन्नपाणी घेणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या दीड-दोन फुटांतच असतात, आणि त्यांना हवा लागते. वर माती दाबून फरशा ठोकल्या की ती गुदमरतात. झाड साठवणीवर काही वर्षं काढतं, म्हणून भर घातली तेव्हा कुणाला काही दिसलं नाही. वाईट ते हे, की कारण आणि लक्षण यांच्यात इतका काळ जातो की सगळे उगाच अळीला बोल लावतात.

बुंध्याभोवतीच्या फरशा उचलल्यात. कुदळ लावू देत नाही, मुळं तुटतील. खुरपं आणि बोटं. सिंहासन सापडलं, साल नरम पडलीय पण आत घट्ट आहे. एक मूळ मात्र बुंध्यालाच वेढा घालून बसलं होतं, बोटाएवढं जाड. ते कापलं. खत घालू म्हणणाऱ्यांना हाकललं. अर्धमेल्या मुळांच्या झाडाला जोर करून पालवी काढायला लावणं बरं नाही. पाणी खोडाशी न घालता फांद्यांच्या घेराखाली, सावकाश, खोलवर, आणि मधे माती सुकू द्यायची. वर पालापाचोळा, खोडाला न टेकवता.

वाळलेल्या फांद्या उतरवायच्यात. दादा कापल्या जागी डांबर फासायला निघाला होता. अमेरिकेच्या वनखात्यात शायगो म्हणून एक होता, त्याने करवतीने हजारो झाडं उभी चिरून आत काय होतं ते पाहिलं. त्याचा 1977 चा निष्कर्ष असा की झाड जखम भरून काढत नाही, सडक्या भागाभोवती आत भिंती घालतं आणि पुढे नवं लाकूड चढवतं. म्हणून फांदी खोडालगत सपाट कापायची नाही, बुडाशी जी फुगीर कड असते तिच्या बाहेरून कापायची, कारण बंद करणारं लाकूड तिथूनच येतं. डांबराने सड थांबत नाही. दादा डबा घेऊन परत गेला. मधूच्या बादलीशेजारी ठेवलाय.

तुझी बदली झाली का? मंजूची परीक्षा कशी गेली? काकूंना नमस्कार. सविस्तर लिही, मी हल्ली उत्तर देतो.

आता खरी काळजी. दादा म्हणतो, मुळापासून काढू, घरावर पडलं तर? उत्तरेच्या, पूर्वेच्या आणि घराकडच्या बाजूची मोठी मुळं मला सापडली. कुंपणाच्या भिंतीकडे खणलं तर काही लागत नाही. एकतर तिकडे मूळ कधी नव्हतंच, किंवा भिंतीचा पाया घेताना तोडलं. तोडलं असेल तर झाडाला त्या बाजूचा आधारच नाही, आणि मग ते भिंतीच्या उलट, म्हणजे घराकडेच कलंडणार. तसं असेल तर दादाचं म्हणणं मी उडवून लावू शकत नाही. भिंत होण्याआधी तू त्याच बाजूने चढायचास. पाय कशावर ठेवायचास, मुळावर की दगडावर? नीट आठवून लगेच कळव. करवतवाल्याला मी तोवर थोपवून धरलंय.

तुझा,
विनू